डब्ल्यू१२३ ला १७ इंची अलॉय, टायरवाला म्हणतो बसतात, खरंच बसतील का?

जुनी_दोनऐंशी
मंडळी, माझी मर्सिडीज डब्ल्यू१२३ आहे, २८०ई, १९८२ ची. सध्या १४ इंची रिम, ६जे (रुंदी ६ इंच) ईटी ३० (ऑफसेट, म्हणजे गाडीच्या हबला टेकणारी बाजू रिमच्या मधोमधपासून ३० मिमी बाहेर), त्यावर १९५/७० आर १४ (रुंदी १९५ मिमी, साईडवॉल त्याच्या ७० टक्के). टायर म्हातारे झालेत, साईडवॉलला बारीक भेगा दिसायला लागल्यात, बदलायचेच आहेत तर म्हटलं एकदाच मोठी चाकं घालून मोकळं व्हावं. एका ओळखीच्याकडे आफ्टरमार्केट अलॉयचा सेट पडून आहे, १७ इंची, ८जे ईटी ३५, ५ बाय ११२ च आहे (पाच बोल्ट, ११२ मिमीच्या वर्तुळावर), २२५/४५ टायरसकट देतोय. टायरवाल्याला फोनवर विचारलं तर म्हणे पीसीडी (बोल्टचं वर्तुळ) सेम आहे ना, मग बसणार. काल एक चाक पुढे लावून बघितलं, जॅकवर मस्त फिरलं, पण गाडी खाली उतरवून स्टेअरिंग पूर्ण वळवलं तर आतून खर्रर्र. अगदी थोडंसं. एवढं घासलं तर चालतं का, की स्पेसर (हब आणि रिमच्या मधली चकती) टाकून सुटेल? मडगार्ड कापायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गॅरेजातला_रविवार
नाही चालत. रिकामी उभी गाडी थोडं घासते म्हणजे चार माणसं बसवून खड्ड्यात गेली की जोरात घासणार.
टायरवाला अर्धाच बरोबर आहे. उंचीचं काही टेन्शन नाही, तुमच्या आत्ताच्या टायरचा व्यास ६२९ मिमी आणि २२५/४५ आर १७ चा ६३४, म्हणजे एक टक्कासुद्धा फरक नाही, स्पीडोमीटरला कळणारपण नाही. गोची रुंदीत आहे. ६जे म्हणजे १५२ मिमी, ८जे म्हणजे २०३, वर ऑफसेट ३० चा ३५ झाला. आकडेमोड केली तर रिमची बाहेरची कड २० मिमी बाहेर येते आणि आतली तब्बल ३० मिमी आत जाते. तो खर्रर्र तिथलाच. आता १५ मिमीचा स्पेसर टाकलात तर आत निम्मी जागा परत मिळेल पण बाहेर २० चे ३५ होतील आणि मग मडगार्डची कड टायर सोलून काढेल. स्पेसरने रबर कमी होत नाही हो, नुसता इकडचा तिकडे सरकतो, शिवाय चाक जितकं बाहेर तितका बेअरिंगवर ताण.
मागे जरा सुटका असते, मागच्या सस्पेन्शनला सेमी ट्रेलिंग आर्म आहेत त्यामुळे गाडी दबली की चाक वरून आत झुकतं. पुढे तेवढी सुटका नाही.
आणि बोल्ट कुठले लावले होते काल? ओरिजिनल बोल्टची बैठक गोल असते, आफ्टरमार्केट अलॉयना बहुतेक वेळा शंकूची लागते. गोल बोल्ट शंकूत घट्ट बसल्यासारखा वाटतो पण टेकतो एका बारीक रेघेवर, आणि हळूहळू सैल होतो. हे आधी बघा, बाकी सगळं नंतर.

डिझेलभक्त
बोल्टचं वाचून अंगावर काटा आला कारण माझं तेच झालेलं, फक्त बोल्टऐवजी हब. माझी २४०डी. १६ इंची घेतले, सगळं बसलं, कुठे घासलं नाही, आणि ८० च्या पुढे स्टेअरिंग असं थरथरायचं की हात झिणझिणायचे. तीनदा बॅलन्सिंग, दोनदा अलाइनमेंट, शेवटी मेकॅनिक टाय रॉड बदलू म्हणायला लागला. निघालं काय तर रिमचं मधलं भोक ७३ मिमी आणि गाडीचा हब साडेसहासष्टच्या आसपास, मधे रिंगच नव्हती, चाक नुसतं बोल्टच्या भरवशावर लटकलेलं. एक प्लास्टिकची रिंग, चार चाकांना चार, थरथर बंद.
पण खरं सांगू का, त्यानंतरही मी ते काढलेच. ७२ अश्वशक्तीची गाडी, चाक जड झालं की चढावर लगेच जाणवतं. आणि तुमच्या आत्ताच्या १४ वर साईडवॉल १३६ मिमीचा, १७ वर १०१ राहणार. ही गाडी गादीसारखी चालते त्यातलं निम्मं श्रेय त्या रबराचं आहे.

चौदा_इंची
बंड्ट (मर्सिडीजचे जुने ओरिजिनल अलॉय) सोडून या गाडीला काहीही घातलं की म्हाताऱ्या आजोबांना स्पोर्ट शूज घातल्यासारखं दिसतं. माझं मत झालं सांगून, आता मारा दगड.

गॅरेजातला_रविवार
दगड नाही मारत, पण १४ इंचीत चांगले टायर मिळायची बोंब आहे हेही खरंय. दोनऐंशी, मोठंच हवं असेल तर १५ इंची ७जे ईटी ३० बघा, २०५/६० आर १५. व्यास ६२७, आतबाहेर जेमतेम १३-१३ मिमी वाढतं. फारच हौस असेल तर १६ वर २०५/५५. आणि टायर घेताना लोड इंडेक्स बघा, तुमचा आत्ता बहुतेक ९१ असेल म्हणजे चाकामागे ६१५ किलो. १७ मधे २१५/४५ स्टॅंडर्ड घेतला तर ८७, म्हणजे ५४५ किलोच.

जुनी_दोनऐंशी
आत्ता खाली जाऊन बघून आलो. काल गोल बोल्टच लावले होते. भोकाच्या कडेला चकचकीत बारीक वर्तुळ उमटलंय, बाकी रंग तसाच. म्हणजे टेकत होतं ते तेवढंच. बरं झालं गेटच्या बाहेर काढली नाही.
पोरीची खेळायची क्ले मडगार्डच्या आतल्या कडेला लावून, तिघांना मागे बसवून स्पीडब्रेकरवरून नेली, जुन्याच चाकांवर. पुढच्या कडेची क्ले थोडीशीच दबली, मागे काहीच नाही. १३ मिमी मावतील असं दिसतंय. तो १७ चा सेट नको म्हणून कळवलं.
एक शंका, स्टेपनी १४ इंची स्टीलचीच ठेवली तर चालेल ना? ऐनवेळी १५ ची पाचवी कुठून आणू.

डिझेलभक्त
चालेल, व्यास जवळपास सेम आहे. पण स्टीलच्या रिमचे आखूड बोल्ट पाच, पिशवीत घालून स्टेपनीतच ठेवा. अलॉयचे लांब बोल्ट स्टील रिमला लावले की मागच्या बाजूला टोक आत जाऊन हँडब्रेकच्या शूला भिडतं, चाक फिरतच नाही. रात्री पावसात टॉर्च तोंडात धरून हे शिकलोय मी.
आणि ११० न्यूटन मीटरवर टॉर्क रेंचने आवळा, ५० किमीनंतर परत एकदा बघा.