मदत हवी आहे: टाटा 407 ट्रकच्या जुन्या अ‍ॅक्सलवर कॅम्पिंगचा ट्रेलर, पाटे (लीफ स्प्रिंग) किती ठेवू?

मंडळी, काम अर्ध्यावर येऊन अडकलंय, म्हणून हा धागा.

गेल्या दिवाळीपासून बोलेरोच्या मागे ओढायला एक छोटा ट्रेलर बनवतोय. तंबू, शेगडी, पाण्याची टाकी, लेकीची सायकल एवढं मावलं की झालं. भंडारदऱ्याच्या मागची बाजू, नाणेघाट, केळशीची वाळू अशा ठिकाणी डांबर संपल्यावरही दोन-चार किलोमीटर आत शिरायचं असतं, त्यामुळे नाजूक काही चालणार नाही. तयार मिळतात त्यांची किंमत बायकोला फोनवरच सांगितली, ती नुसतं "हं" म्हणाली. त्या "हं"चा अर्थ लग्न झालेल्यांना सांगायला नको.

मग कुर्ल्याला सीएसटी रोडवर भंगारात टाटा 407चा मागचा अ‍ॅक्सल मिळाला. ड्रम, पाटे, शॅकल, यू-बोल्ट सगळं सकट, किलोच्या भावाने. विकणारा म्हणाला, "हाथी बिठाओ साब, कुछ नहीं होगा." त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं आणि तिथेच घोडं पेंड खातंय.

चासी 100 मिमीच्या सी चॅनेलची केली. दारूखान्यातून सेफ्टी चेन आणि डी-शॅकल आणले. वेल्डिंग भांडुपला मेहुण्याच्या गाळ्यात. त्याचा धंदा खिडकीच्या ग्रिलचा, हात सफाईदार, पण आयुष्यात त्याने चाक असलेली वस्तू जोडलेली नाही. हाऊसिंगमधून (बाहेरच्या पोलादी कवचातून) दोन्ही शाफ्ट ओढून काढले, क्राऊन-पिनियन हे आतले गिअरही उतरवले. तरी रिकामं हाऊसिंग उचलायला आम्ही चौघं लागलो आणि त्यातला एक दुसऱ्या दिवशी कंबर धरून बसला.

गेल्या रविवारी गाळ्याच्या आवारातच चाचणी घेतली (नंबर नाही, त्यामुळे रस्त्यावर काढलेला नाही, कृपया त्यावरून झोडपू नका). 20 लिटरचा पाण्याचा जार मधोमध ठेवला, झाकण पक्कं. गेटजवळ पाण्याची पाइपलाइन झाकायला सिमेंटचा उंचवटा केलाय, जेमतेम वीतभर रुंद. पायी चालायच्या वेगाने त्यावरून नेला. चाकं उडाली, जार हवेत गेला, आडवा पडून मागच्या फळीवर आपटला. पाटे हललेसुद्धा नाहीत. मग 50 किलोच्या आठ सिमेंट गोण्या अ‍ॅक्सलच्या वर नीट रचल्या आणि पट्टीने मोजलं: चासी फक्त अर्धा इंच खाली बसली. एका बाजूला नऊ पाटे आहेत. वॉचमन म्हणाला, साहेब, यात अंडी नेऊ नका.

माझ्या शंका अशा. नऊपैकी किती पाटे काढू, आणि कुठले? एका मेकॅनिकने सांगितलं, मुख्य पाटा सोडून सगळे काढा. दुसरा म्हणाला, एकाला जरी हात लावलात तर घाटात तुटेल. मेहुणा म्हणतो, काढू नकोस, वजन वाढव. (तो पाहुण्यांना जेवायला वाढतानाही असंच म्हणतो.) शिवाय 407ला मागे जोडटायर असतात, मी एकेकच लावलाय, तर चाकं बोलेरोच्या चाकोरीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं बाहेर जातात. वाळूत त्रास होईल का? आणि एजंट सांगतोय की ट्रेलरला वेगळा नंबर लागत नाही, मागे बोलेरोचा नंबर रंगवला की झालं. हे खरं आहे?

प्रतिसाद:

वडाळ्याला ट्रक टर्मिनलजवळ बरीच वर्षं पाट्यांचंच काम केलंय, म्हणून सांगतो. तुमचे दोन्ही मेकॅनिक अर्धे बरोबर आहेत.

पाटे सारख्या जाडीचे असतील तर ताठपणा ढोबळमानाने संख्येच्या हिशोबाने उतरतो. आठ गोण्यांना नऊ पाटे अर्धा इंच बसले, तर तीन पाटे साधारण दीड इंच बसतील. वर ट्रेलरच्या अंगाचं वजन धरलं की दोन इंच. हलक्या ट्रेलरला तेवढं हवंच. डोळे असलेला मुख्य पाटा आणि त्याला कवटाळणारा दुसरा, या दोघांना हात लावायचा नाही. बाकीचे खालून सरसकट काढू नका, मधले काढा आणि एक आखूड शेवटी ठेवा, म्हणजे उतार टिकतो आणि मुख्य पाट्यावर सगळा जोर एकाच जागी येत नाही. पाटे कमी झाले की त्यांचं आपसातलं घर्षणही जातं, मग ट्रेलर झुलत राहतो. शॉक अ‍ॅब्सॉर्बर लावावेच लागतील. थप्पी बारीक झाल्यावर जुने यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट लांब पडतात, वायसर भरून भागवू नका, नवीन आखूड घ्या.

आणि मेहुण्यांना हात जोडून सांगा, पाट्यावर वेल्डिंगचा एक ठिपकाही नको. स्प्रिंगचं पोलाद आहे ते, वेल्डजवळ काचेसारखं तडकतं. चासीच्या जोडांना ग्रिलचा बारीक रॉड चालणार नाही, 7018 वापरा. तो रॉड दमट हवेत पाणी ओढतो, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात उघड्या पाकिटातले रॉड तसेच लावले तर जोड वरून सुंदर आणि आतून भेगाळलेला. भट्टीत तापवून घ्या.

शाफ्ट काढल्यावर हबचं तोंड उघडं राहिलंय का? 407चा फुल फ्लोटिंग (वजन शाफ्टवर नाही, हाऊसिंगवर पेलणारा) अ‍ॅक्सल म्हणून चाक जागेवर राहिलं. पण तिथे झाकणपट्टी बसवा आणि बेअरिंगला ग्रीस भरा. ओढ्यातून एकदा नेलात की बेअरिंग गेलंच म्हणून समजा.

चाकोरीचं सोपं आहे. रिम उलटा बसवून बघा, जोडटायरमधला आतला जसा बसतो तसा. चाक आत येतं. फक्त पाट्याला टायर घासत नाही ना ते बघा.

खरं विचाराल तर मी हा अ‍ॅक्सलच घेतला नसता. पाट्याखालचं वजन वरच्या वजनाच्या मानाने फार झालं की चाक खड्ड्यात आपटतं आणि उडतंच. पण आता घेतलाय.

आणखी एक प्रतिसाद:

नंबराबद्दल: एजंटचं ऐकू नका. मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये ट्रेलरची वेगळी व्याख्या आहे, आणि कलम 61 प्रमाणे ट्रेलरचा स्वतःचा नंबर त्याच्या बाजूवर लागतो, शिवाय ओढणाऱ्या गाडीचाही नंबर ट्रेलरवर दिसावा लागतो. म्हणजे दोन नंबर. एजंटने त्यातला अर्धाच कायदा सांगितला. पत्रा ठोकायच्या आधी ड्रॉइंग घेऊन मोटार वाहन निरीक्षकांना भेटा. आमच्या एका मित्राने उलट केलं, रंग-बिंग देऊन नेला, आणि आता त्यात त्याची मांजर झोपते.

टंगवर (गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्यावर) किती वजन येतंय तेही मोजा. फळी टाकून बाथरूमचा वजनकाटा चालतो. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के हवं. मागे जास्त भरलंत तर कसारा उतरताना शेपूट गाडीला हलवतं.

धागाकर्ता:

खूप आभार. आत्ताच काटा लावून आलो. गोण्यांसकट टंगवर 28 किलो. एकूण साडेसहाशेच्या आसपास असेल, म्हणजे निदान 65 हवेत. पाण्याची टाकी मागे ठेवणार होतो, ती अ‍ॅक्सलच्या पुढे घेतो आणि स्टेपनी पुढच्या तिकोनी ए-फ्रेमवर. (स्टेपनीही 407चीच लागेल, बोलेरोची 15 इंची चढत नाही, हे आधी लक्षात यायला हवं होतं.)

हबचं तोंड उघडंच होतं. आत बोट घातलं तर भांडुपची सगळी धूळ.

रविवारी पाटे उतरवतोय, तीनवर येतो आणि तोच जार पुन्हा त्याच उंचवट्यावरून नेतो. आखूड सेंटर बोल्ट कुर्ल्यात सुटे मिळतात का, की लेथवर करून घेऊ? आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर बोलेरोचेच मागचे चालतील का, कोणी लावलेत?