मदत हवी आहे: सत्रअखेरच्या अंकात श्रीलिपीतले लेख युनिकोडमध्ये कसे आणावेत?

पत्रकारिता विभागाचा सत्रअखेरचा 8 पानी टॅब्लॉइड अंक इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावतो आहोत. युनिकोड मजकुराची जोडाक्षरे तुटत होती. परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोजर (इनडिझाइनमधली, भारतीय लिप्याही नीट जुळवणारी सोय) लावल्यावर ती जुळली. खरी अडचण श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये, टाइप होऊन आलेल्या लेखांची. कन्व्हर्टरमधून काढल्यावर ‘वर्ष’, ‘कार्यक्रम’मधला रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, ऱ्हस्व वेलांटीही चुकते. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या. ‘शोधा आणि बदला’ने सगळे सापडत नाही, आणि विद्यार्थ्यांची नावे चुकीची छापून जायला नकोत.

मूळ फॉन्टच्या मांडणीनुसार नीट बदलणारे साधन कोणते? की ते लेख श्रीलिपीतच ठेवून, फॉन्ट फाइलमध्येच घालून (एम्बेड करून) पीडीएफ छापखान्याला द्यावी? तसे केल्यास वेब आवृत्तीसाठी मजकूर पुन्हा टाइप करावा लागेल, म्हणून आधी विचारतो आहोत.