१९३१ च्या 'ड्रॅक्युला' या इंग्रजी भयपटातली शांतताच तर खरी भीती!

हा सिनेमा संथ आहे, पार्श्वसंगीतही नाही, अशी तक्रार कुणीतरी केलीय. संथ आहे हे मान्यच. नंतरचा, म्हणजे लंडनमधला भाग तर सरळ दिवाणखान्यातलं नाटक वाटतो. पण संगीत नसणं ही उणीव आहे, हे नाही पटलं. श्रेयनामावलीला 'स्वान लेक' या बॅलेचं संगीत वाजतं, पुढे नाट्यगृहातला प्रसंग सोडला तर जवळपास काहीच नाही. त्यामुळे किल्ल्याच्या जिन्यावर रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी लांडग्यांचं ओरडणं ऐकत थबकतो, तेव्हा अंगावर काटा येतो तो त्या निःशब्दपणामुळेच. आणि गंमत म्हणजे अख्ख्या सिनेमात त्याचे सुळे एकदाही दिसत नाहीत!

ज्यांना तरीही कंटाळा येतो त्यांनी याचीच स्पॅनिश आवृत्ती बघावी. तेव्हा डबिंग रुळलं नव्हतं, म्हणून युनिव्हर्सल या स्टुडिओने त्याच सेटवर रात्रपाळीत दुसरे नट घेऊन हा सिनेमा पुन्हा चित्रित केला. दिवसा इंग्रजी, रात्री स्पॅनिश. लांबी जवळजवळ अर्ध्या तासाने जास्त, पण कॅमेरा कितीतरी मोकळा फिरतो. जिन्यावरचा तोच प्रसंग दोन्हींत लागोपाठ लावून पाहा. काउंट मात्र लुगोसीचाच सरस, स्पॅनिश आवृत्तीतला काउंट कार्लोस व्हिलारियास फारच डोळे वटारतो.