सव्वा महिन्यानंतरचे काय?
माहेरी सव्वा महिना विश्रांती मिळाली की बाळंतीण सावरते, हे नेहमी ऐकू येणारे मत मला अर्धेच पटते. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेकशेगडी यांत आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातील माहेरची माणसे काही उणे ठेवत नाहीत. पण नवरा मुंबईला नोकरीस आणि सासरी भाताची लावणी तोंडावर आली, की तीच बाई बाळाला पाजून सासूच्या मांडीवर देते आणि दिवसभर चिखलात वाकून उभी राहते. कंबरदुखी, टाक्यांची ठणक, लघवी न आवरणे ही दुखणी ती कुणापाशी बोलत नाही, आणि विचारते तरी कोण? दवाखान्यातील प्रसूतीनंतर गावातील आरोग्य स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, ४२ दिवसांत ६ वेळा घरी येतात, हे मोलाचेच आहे. मात्र त्या भेटींचा मुख्य भर बाळावर असतो. उदासी, झोप उडणे, बाळाविषयी काहीच न वाटणे हे दोन आठवड्यांनंतरही टिकले, तर ते नैराश्य असू शकते आणि ते उपचारांनी बरे होते. ते ओळखण्यासाठी १९८७ साली प्रसिद्ध झालेली एडिंबरा प्रश्नावली, अवघ्या १० प्रश्नांची, जगभर वापरली जाते. दीड महिन्याच्या लसीसाठी बाळाला उपकेंद्रात नेले जाते, त्याच दिवशी आईलाही हे प्रश्न विचारले जावेत, असे मला कळकळीने वाटते.