रूथ ब्राऊनच्या रॉयल्टीचा हिशेब सोप्या भाषेत कसा सांगू? मदत हवी आहे

मंडळी, आमच्या श्रवणगटात रविवारी रूथ ब्राऊन या अमेरिकन गायिकेवर दहा मिनिटं बोलायचंय. गाण्यांची निवड झाली. शब्दाच्या शेवटी तिचा आवाज चिरकतो ना, तिथे तर मी थांबूनच ऐकवणार! १९५० साली 'टीअरड्रॉप्स फ्रॉम माय आइज' अमेरिकेतल्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत ११ आठवडे पहिलं होतं. तिच्या रेकॉर्ड कंपनीला, अटलांटिकला, 'रूथनं बांधलेलं घर' म्हणायचे. आणि हीच बाई साठच्या दशकात शाळेची बस चालवत होती, लोकांकडे घरकाम करत होती.

अडतंय इथे: रेकॉर्डिंगचा खर्च गायिकेच्याच खात्यात उचल म्हणून मांडला जायचा आणि रॉयल्टीतून, म्हणजे विक्रीतल्या तिच्या वाट्यातून, वळता व्हायचा, त्यामुळे रेकॉर्डी खपूनही तिच्याच नावावर बाकी. वसुलीचं हे गणित फळ्यावर मांडायला कुणी छोटं, काल्पनिक आकड्यांचं उदाहरण करून देईल का?