'स्निपेट'ला उतारा म्हणावं का? आणि 'डिप्लॉय'ला?

ऑफिसात नव्याने येणाऱ्या मुलांसाठी वेब सर्व्हरच्या उपयोगी स्निपेट्सची (कोडच्या तयार, छोट्या तुकड्यांची) मराठी वही करतोय. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसकडे ३०१ने वळवणारी ओळ, आलेली विनंती मागच्या ॲपकडे पोचवणाऱ्या रिव्हर्स प्रॉक्सीचा ब्लॉक, गिटवर कोड पुश केला (पाठवला) की आपोआप चालणारी पाइपलाइन. मजकूर तयार आहे, अडलंय पहिल्याच पानावर. स्निपेटला काय म्हणायचं?

आधी 'कात्रण' सुचलं, कारण मूळ इंग्रजी शब्दातही कातरणंच आहे. पण शिंप्याकडची कात्रणं म्हणजे उरलेला माल, आणि वर्तमानपत्राचं कात्रण फायलीत पडून राहतं. स्निपेट पुन्हा पुन्हा वापरायचं असतं. उबुंटूवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसवला की 'स्निपेट्स' नावाचं फोल्डरच मिळतं; त्यातली फाइल हव्या त्या साइटच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) एका 'इन्क्लूड'ने ओढून घ्यायची. म्हणून मला 'उतारा' जवळचा वाटतो. सातबाऱ्याचा उतारा मूळ दप्तरातून काढतात आणि लागेल तिथे जोडतात. शिवाय विषावरही उतारा असतो, आणि रात्री ५०२ (मागच्या ॲपकडून नीट उत्तर न आल्याची चूक) दिसायला लागल्यावर आपण तोच शोधत असतो.

डिप्लॉयला, म्हणजे तयार कोड सर्व्हरवर कामाला लावण्याला, मात्र शब्द सापडत नाही. 'तैनात' म्हटलं की बंदोबस्तावरचे पोलीस दिसतात.

प्रतिसाद :
उतारा आवडला, पण शाळेत उताऱ्यासोबत 'संदर्भासह स्पष्टीकरण' असायचं, ते वहीत नक्की घाला. मी एकदा 'प्रॉक्सी पास'चा (विनंती कोणत्या ॲपकडे द्यायची ते सांगणाऱ्या ओळीचा) उतारा जसाच्या तसा घेतला. त्यातल्या ॲपच्या पत्त्यात पोर्टच्या आकड्यानंतर एक तिरपी रेघ होती. ती असली की एनजिनएक्स आलेल्या विनंतीच्या पत्त्यातला '/एपीआय/' हा भाग काढून उरलेलाच मागच्या ॲपला देतो. नसली की अख्खा देतो. आमच्या ॲपला अख्खा हवा होता. एका रेघेपायी दोन तास ४०४ ('पान सापडलं नाही') बघत बसलो.

डिप्लॉयसाठी 'चढवणे' नको, मराठी विकिपीडियावर तो अपलोडला वापरतात. आणि फाइल चढली म्हणजे ती कामाला लागली असं नाही. 'रुजू करणे' कसं वाटतं? एनजिनएक्स रीलोड केलं (नवं कॉन्फिग वाचायला लावलं) की नवे वर्कर, म्हणजे विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रिया, काम हाती घेतात, जुने आपल्या हातातल्या विनंत्या पुऱ्या करूनच जातात. बदलीवर आलेला माणूस रुजू होतो आणि आधीचा पदभार सोपवून जातो, तसंच हे.

मूळ लेखक :
रुजू! तुमच्या या शब्दाने आणखी एक आठवला, 'रुजुवात'. जुन्या हिशेबात नक्कल मूळ वहीशी ताडून बघायची, ती रुजुवात. पाइपलाइनमधल्या टेस्टच्या टप्प्याला हाच शब्द घेतो. रीलोडच्या आधी 'एनजिनएक्स -टी' चालवतो ती कॉन्फिगची रुजुवात. तुमची तिरपी रेघ मात्र तिला सापडणार नाही, व्याकरण दोन्हीकडे बरोबरच असतं. म्हणून प्रत्येक उताऱ्याखाली 'हा कुठे लागत नाही' अशी ओळ आजच घालतोय.

पाइपलाइन तशीच ठेवतो. नदीवरून मळ्यापर्यंत पाणी आणणारा शेतकरीही पाइपलाइनच म्हणतो, आणि गळती बहुतेक वेळा सांध्यावर होते हे त्याला सांगावं लागत नाही.

राहिला रोलबॅक, म्हणजे नवं बिघडलं की मागच्या आवृत्तीवर परतणं. 'मागची आवृत्ती पुन्हा रुजू केली' हे बरोबर आहे, पण घाईत फोनवर ओरडून सांगायला लांब पडतं. एका शब्दात काही सुचतंय का?