मदत हवी आहे: बॅगा शिवताना सुई तापते, दोरा तुटतो

दप्तरवाली
नमस्कार. मी शाळेच्या बॅगा शिवते. मशीन चांगलं चालत होतं, पण आता सुई एवढी तापते की दोरा टिकतच नाही. काल तुटलेला दोरा ओवायला गेले तर बोटाला चटका बसला, फोड आलाय. एका दिवसात ११ सुया गेल्या. नवी सुई घातली की अर्धा तास बरं, मग पुन्हा तेच. टेन्शन सैल करून पाहिलं, घट्ट करून पाहिलं, तेल घातलं, बॉबिन केस साफ केली. १५ जूनला शाळा उघडतात, त्याआधी २४० बॅगा द्यायच्यात. सुई तापू नये म्हणून काय करायचं तेवढं सांगा. लवकर सांगा.

रानजाई
मी घरच्या मशीनवर गोधड्या शिवते. चार थर झाले की माझाही दोरा तुटायचा. सुई १४ नंबरवरून १६ वर नेली आणि थांबलं. सुई दर आठ तासांच्या शिवणानंतर बदलायची सवय लावा.

दप्तरवाली
ताई, माझं घरचं मशीन नाही, मोठं आहे. आणि सुई २१ नंबर आहे.

जुना_मिस्त्री
मोठं म्हणजे कुठलं? मॉडेल सांगा. कापड कुठलं, दोरा कुठला, सुईच्या पाकिटावर काय लिहिलंय, आणि दोरा नेमका कधी तुटतो? शिवताना की थांबल्यावर? एवढं कळल्याशिवाय सांगितलेलं सगळं अंदाजपंचे.

धारावीकर
मिस्त्रीकाका विचारतायत ते ठीक, पण यात विचारण्यासारखं काही नाही. बॅगेच्या लाइनमध्ये १८ वर्षं काढली. सिलिकॉन ऑइल लावा. छोटी डबी मिळते, दोऱ्याच्या वाटेवर चिकटवायची, आत फेल्ट, फेल्टला सिलिकॉन. दोरा त्यातून ओला होऊन जातो, सुई गार राहते. आमच्याकडे एकही मशीन त्याशिवाय चालत नाही.

दप्तरवाली
सिलिकॉन कुठे मिळेल? मी मिरजेजवळच्या गावात आहे.
मिस्त्रीकाका, मशीन जुकी आहे, सिंगल नीडल. कापड बॅगेचंच. दोरा नेहमीचाच, कोनवाला.

जुना_मिस्त्री
"बॅगेचंच" आणि "नेहमीचा" यावरून मला काही दिसत नाही ताई. पॉलिस्टर मॅटी आहे, नायलॉन आहे की रेक्झिन? दोरा नायलॉनचा की पॉलिस्टरचा? तुटलेलं टोक हातात घेऊन बघा. ते सुतासारखं उसवलंय की टोकाला बारीक गाठ झालीय?

दप्तरवाली
आत्ता बघितलं. गाठ आहे. खसखशीच्या दाण्याएवढी, कडक, नखाने फुटत नाही. सुई काढून उजेडात धरली तर नेढ्याच्या खालच्या कडेला तसंच काहीतरी काळं चिकटलंय, आणि टोकाकडची बाजू निळसर-तपकिरी पडलीय. कापड पॉलिस्टर मॅटी, आतून अस्तर, पट्ट्याजवळ फोम आणि निवार. दोरा कोनवर नायलॉन लिहिलंय.

जुना_मिस्त्री
झालं, आता बोलता येईल. दोरा तुटत नाहीये, वितळतोय. साधा नायलॉन २२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतो, पॉलिस्टर २६० च्या आसपास. जाड कापडात भरधाव चालणारी सुई तिथवर सहज जाते. सुई कापडातून दर टाक्याला आरपार घासत जाते. उष्णता तयार होते सगळी टोकाशी आणि पात्याशी, आणि बाहेर पडायला वाट नाही, कारण सुई एवढीशी. दोरा फिरत असतो तोवर तो थोडी उष्णता घेऊन जातो. मशीन थांबलं की तोच दोरा तापलेल्या नेढ्यात अडकून बसतो आणि वितळतो. म्हणून विचारलं, थांबल्यावर तुटतो का?

दप्तरवाली
हो! लांब बाजू एका दमात शिवली, कोपऱ्यावर थांबले, पुन्हा पाय दिला की पहिल्याच टाक्याला जातो. मला वाटत होतं मशीन उचल खात नाही.

सुताची_सखी
मग सुती दोरा वापरा. सूत वितळत नाही. साधा उपाय.

धारावीकर
सुती दोऱ्याची शाळेची बॅग? पावसात भिजली की जून-जुलैतच कुजून शिवण सुटेल. पोराच्या पाठीवर पाच किलो असतात. असा सल्ला देऊ नका.

सुताची_सखी
पूर्ण सुती म्हणत नाही. आत पॉलिस्टर आणि बाहेरून सूत गुंडाळलेला दोरा मिळतो, जीन्सवाले वापरतात. बाहेरचं सूत आतल्या पॉलिस्टरला चटक्यापासून वाचवतं. आणि तपासायला म्हणून तरी दहा मिनिटं सुती दोरा घालून बघा. तो टिकला तर उष्णताच आहे हे पक्कं.

उल्हासनगरी
जीन्सच्या कारखान्यात लाइनवर होतो. आमच्याकडे मशीनवर हवेची बारीक नळी असायची, कॉम्प्रेसरला जोडलेली, तोंड सुईच्या जरा मागे. पाय दिला की हवा चालू. डेनिमचे सहा थर जिथे जमतात, पायाच्या शिवणीला, तिथे हवा बंद पडली की लगेच कळायचं. घरी कॉम्प्रेसर असेल तर हे सर्वात चांगलं. डाग नाही, तेल नाही.

दप्तरवाली
कॉम्प्रेसर नाही. भाचा म्हणाला माशांच्या टाकीचा पंप लावू.

उल्हासनगरी
तो मी एकदा लावून पाहिलाय. फुंकर घातल्याएवढीच हवा येते, काही होत नाही.

कोकणस्थ_टेलर
टेन्शनचं काय केलंत? माझ्या अनुभवात ९० टक्के वेळा टेन्शनच असतं. आणि ब्लाउजच्या काखेत दोरा तुटत असेल तर तिथे कापड तिरकं असल्यामुळे...

दप्तरवाली
टेन्शनचं पहिल्याच ओळीत लिहिलंय. ब्लाउज नाही, बॅगा आहेत.

रानजाई
सुई उलटी तर नाही ना बसवली? माझ्या मशीनला चपटी बाजू मागे असते.

जुना_मिस्त्री
रानजाई, कारखान्याच्या मशीनची सुई गोल दांड्याची असते, तिला चपटी बाजू नसते. लांब खाच डावीकडे आणि नेढ्यावरचा खोलगटपणा उजवीकडे, शटलच्या बाजूला. पण प्रश्न बरोबर आहे. सुई थोडी फिरलेली असली तरी दोरा घासतो. ताई, ते बघा. आणि पाकिटावर सुईचा प्रकार डीबी एक्स १ आहे का?

दप्तरवाली
खाच डावीकडे आहे. पाकिटावर डीबी एक्स १, २१ नंबर.

धारावीकर
डीपी एक्स ५ घाला. जाड असते, बॅगेला तीच लागते.

जुना_मिस्त्री
नको! डीबी एक्स १ चा दांडा १.६२ मिलिमीटर, डीपी एक्स ५ चा साधारण २ मिलिमीटर. त्यांच्या सुईदांड्यात, म्हणजे मशीनचा जो दांडा सुई धरतो त्यात, ती बसणारच नाही. कोणी हातोडीने ठोकून बसवली तर सुईदांडाच जाईल. मी असे दोन सुईदांडे बदललेत.

धारावीकर
मान्य, सुईदांडा बदलून घ्यावा लागेल, ते लिहायचं राहिलं. पण सिलिकॉन हाच उपाय, यावर मी ठाम आहे.

छपाईवाला
एक सांगतो, कोणाच्या लक्षात आलं नसेल. बॅगेवर शाळेचं नाव छापायचं असेल तर सिलिकॉन जपून. मी स्क्रीन प्रिंटिंग करतो. सिलिकॉनचा हात लागलेल्या कापडावर शाई धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल डाग पडतात. धुऊनही जात नाही. छपाई आधी, सिलिकॉन नंतर.

दप्तरवाली
छापलेलंच कापड येतं. पण ही माहिती फार कामाची, पुढच्या ऑर्डरला लागेल.
एक दुकानदार म्हणाला दोऱ्याला मशीनचंच तेल लाव. लावू का?

जुना_मिस्त्री
अजिबात नको. ते मशीनच्या आत ठीक. दोऱ्यावरून कापडात उतरेल, फिकट कापडावर पिवळा डाग पडेल आणि त्यावर धूळ बसेल.

उल्हासनगरी
सुईचा नंबर खाली आणून बघा. जाड सुई म्हणजे जास्त घर्षण. २१ च्या जागी १८. पण दोरा नेढ्यातून मोकळा जायला हवा. त्याची एक तपासणी: वीतभर दोरा ओवलेली सुट्टी सुई घ्या, दोरा दोन्ही हातांनी ताणून तिरका धरा. सुई आपल्या वजनाने घसरत खाली आली तर जोडी बरोबर. अडकली तर दोरा जाड. खाली धाडकन पडली तर सुई गरजेपेक्षा मोठी.

दप्तरवाली
केलं. २१ नंबर धाडकन पडते. १८ हळू घसरत येते. ही गोष्ट मला दहा वर्षांत कोणी सांगितली नव्हती.
१८ नंबर लावून दोन बॅगा शिवल्या. फरक आहे, पण दोरा तिसऱ्या बॅगेला गेलाच. निवारीवर तर दोनदा.

बचतगट_साथी
ताई, पीएम विश्वकर्मा योजनेत शिवणकामाला अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर मिळतं, शिवाय ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज. सप्टेंबर २०२३ पासून चालू आहे. नवीन मशीनच घ्या ना.

दप्तरवाली
नवीन मशीन महिन्याभराने येईल, ऑर्डर पुढच्या आठवड्यात आहे. पण नंतर नक्की विचारेन.

जुना_मिस्त्री
एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकतेय. तुम्ही म्हणालात "चांगलं चालत होतं". तेच मशीन, तेच कापड, तोच दोरा? मग बदललं काय? कधीपासून सुरू झालं?

दप्तरवाली
तीन आठवडे झाले. बदललं काहीच नाही. फक्त मोटर जळाली होती म्हणून जुन्या बाजारातून दुसरी आणून बसवली. ती चांगली आहे, आधीपेक्षा जोरात चालते.

जुना_मिस्त्री
ताई, हेच तर हवं होतं! टेबलाखाली वाका, मोटरवरची पाटी पुसा आणि आर.पी.एम., म्हणजे मिनिटाचे फेरे, त्यापुढचा आकडा सांगा. जळालेली मोटर असेल तर तिचाही. आणि मोटरची पुली कुठली आहे?

दप्तरवाली
टॉर्च घेऊन रॉकेलच्या फडक्याने पाटी पुसली. नवीवर २८८०. जुनी गोठ्यात ठेवलीय, तिच्यावर १४४०. पुली जुन्याच मोटरची काढून बसवली. मोजपट्टी लावली, ११० मिलिमीटर आहे. मशीनच्या चाकाचा पट्टा बसतो ती जागा ७०.

जुना_मिस्त्री
बघा हिशोब. मोटरचे फेरे गुणिले मोटरची पुली, भागिले मशीनची पुली. आधी १४४० गुणिले ११० भागिले ७०, म्हणजे मिनिटाला २,२६० च्या आसपास टाके. आता २८८० ने तेच केलं तर ४,५२० च्या वर. तुमचं मशीन दुप्पट वेगाने धावतंय. बारीक शर्टाच्या कापडाला हा वेग चालतो. मॅटी, फोम, निवार या थरांत सुई तापणारच. ५५ ची पुली आणा. वेग बरोबर पूर्वीवर येईल. पट्टा सैल होईल, मग लहान पट्टा घ्या किंवा मोटर खाली सरकवून आवळा. मधोमध दाबल्यावर बोटभर दबेल एवढाच ताण ठेवा.

धारावीकर
पुली कशाला, सर्वो मोटर घ्या. वेग बटणाने ठरवता येतो. पाय दिला तरच वीज खाते. जुन्या पद्धतीची क्लच मोटर बसल्या बसल्या घुमत राहते.

उल्हासनगरी
स्वस्त सर्वोला हळू वेगात जोर कमी पडतो. निवारीवर सुई अर्ध्यात थांबते, मग चाक हाताने फिरवा. घ्यायची तर चांगल्या वॉटची घ्या.

धारावीकर
माझ्याकडे पाच आहेत, एकही अडकत नाही.

उल्हासनगरी
तुमच्या चांगल्या असतील. त्या ताईंना आठवड्यात बॅगा द्यायच्यात, पुली दोन-तीनशेत होते.

दप्तरवाली
सांगलीहून ५५ ची पुली आणि लहान पट्टा आणला. भाच्याने बसवली. पहिल्यांदा पाय दिला तर मशीन इतकं संथ वाटलं की चुकलंच असं वाटलं, तीन आठवड्यांत कानाला तो जोराचा आवाज सवयीचा झाला होता. १८ नंबरची सुई तशीच ठेवली. सकाळपासून २६ बॅगा झाल्या. बाजूच्या शिवणीला एकदाही दोरा गेला नाही. खांद्याच्या पट्ट्याला जिथे निवारीवर चौकोन आणि मधे फुली मारतो, तिथे मात्र दोनदा तुटला.

जुना_मिस्त्री
तिथे एकाच जागी टाक्यावर टाका येतो, सुई आधीच्या दोऱ्यातूनच जाते. फुलीला अर्धं पायडल आणि आधी दोन सेकंद थांबा, सुई कापडाच्या वर ठेवून. खाली, कापडात ठेवून थांबू नका.

छपाईवाला
आणि फक्त फुलीपुरतं धारावीकरांचं सिलिकॉन. एक थेंब फेल्टला.

दप्तरवाली
सुई वर ठेवून थांबायचं केलं. संध्याकाळपर्यंत १४ पट्टे, एकही तुटला नाही. सिलिकॉन सांगलीतच मिळालं, पण अजून उघडलं नाही. आत्ता लांब बाजू एका दमात शिवून मुद्दाम सुईला बोट लावलं. कोमट आहे. जुन्या सुया फेकू की धार लावून चालतील?

जुना_मिस्त्री
फेका ताई. निळी पडलेली सुई मऊ झालेली असते, वाकून शटलला लागेल. आणि फोडाला हळद नको, साधं गार पाणी.